वारसा केंद्र, चौसाळा : हक्कानं या

४ जून
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. पुढेमागे कुणी माझ्या कार्यावर अभ्यास करायचा म्हटला तर त्याला उपयोग होईल, पण तो हेतू नाही.

अमरसिंहआण्णांनी मला संग्रहालयाचा प्रसिद्धीप्रमुख नेमलं. मानधन नाही, खुर्ची आहे. आण्णा संस्थेचे अध्यक्ष. इमारत त्यांची, आतल्या तलवारी त्यांच्या वडिलांच्या. म्हणाले, मास्तर, दिवाळीपर्यंत बघतो. गर्दी दिसली तर ठीक, न्हाई तर हॉल ट्रॅक्टरच्या शोरूमला देऊन टाकतो, ते लोक लई मागं लागलेत.

मी म्हणालो, आण्णा, दिवाळीला तुम्हालाच तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागेल. आण्णा हसले नाहीत. विचारात पडले असावेत.

तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. शब्द हे माझं हत्यार. शिवाय मोबाईलवर म्युझियम कम्युनिकेशनचा कोर्स केला आहे. सर्टिफिकेट लॅमिनेट करून खुर्चीमागे लावलं.

घरी आनंद नाही. सौ. म्हणाली, तुमच्या आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली, आधी रानाची वारस नोंद करून घ्या, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. म्हणालो, असली कामं तलाठी करतो, मी संस्कृतीचं बघतो.

७ जून
परिस्थितीचा अभ्यास. दिवसभर गेटवर बसलो. हायवेवरून अकरा जण आले. अकराही जणांनी बाथरूम कुठे ते विचारलं. एकानं जाताना तलवारीकडे पाहिलं. म्हणजे पोटेन्शियल आहे.

कोर्समध्ये सांगितलं होतं, प्रेक्षक आणणं सोपं, टिकवणं अवघड. खरी कसोटी म्हणजे रिपीट व्हिजिटर. एकदा आलेला माणूस आपणहून पुन्हा आला की समजावं, आपला संवाद पोचला. चाँदभाईंना विचारलं, दुसऱ्यांदा कुणी येतं का. (तिकीट, कुलूप, झाडू, सगळं चाँदभाईच.) म्हणाले, येतो की साहेब, येरमाळ्याचा एक ड्रायवर हाय. त्याला शुगर हाय.

चाँदभाईंना ट्रेनिंग दिलं. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हसून विचारायचं: परत येणार ना? त्यांनी लगेच एका ट्रकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, कावून? काही राहिलं का?

१६ जून
दोष सापडला. नाव!

पाटीवर 'कै. विजयसिंह स्मृती वस्तुसंग्रहालय'. एवढं वाचेपर्यंत गाडी मांजरसुंब्याला पोचते. गाव तर अजून 'अजबखाना' म्हणतं. निजाम गेला, शब्द गेला नाही. परवा एका बाईनं पोराला दम दिला, गप बस, न्हाई तर अजबखान्यात ठिवीन. ही आमची ब्रँड इमेज.

नाव छोटं, जिव्हाळ्याचं हवं. रात्रभर विचार करायचा ठरवलं होतं, पण जेवतानाच सुचलं.

वारसा केंद्र.
खाली लाल अक्षरात: आपला वारसा, आपली नोंद!

(नोंद म्हणजे अभिप्राय वहीतली. लोक लिहीत नाहीत, लिहू लागतील.)

बंकट पेंटरनं ब्रश खाली ठेवून विचारलं, मास्तर, ह्येच लिवायचं ना? लोकं येगळंच समजतेन. पेंटरनं मराठीच्या मास्तरला शब्द शिकवावेत, हे दिवस आले. बंकट माझाच विद्यार्थी. काठावर पास केला होता, त्याची ही परतफेड.

३ जुलै
आज रोजनिशीला वेळ नाही. गर्दी!

१० जुलै
अजून विश्वास बसत नाही, म्हणजे माझा बसतो, इतरांचा बसत नाही. सकाळी गेट उघडायच्या आधी लोक. आणि लोक कसले! प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत कागद. अभ्यास करून आलेला प्रेक्षक. एकानं तर वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणला होता. संग्रहालयात मृत वडिलांची आठवण सोबत घेऊन येणं, याला काय म्हणावं? मी त्यांना आण्णांच्या वडिलांची तलवार दाखवली. ते म्हणाले, ही ठीक हाय, पण नंबर कधी लागल?

तिकिटाबद्दल कुणी तक्रार करत नाही. उलट विचारतात, एवढंच का? वर काही न्हाई ना?

एक गोष्ट खटकते. तलवारी, अडकित्ते, गुळाची काहील कुणी नीट बघत नाही. सगळे विचारतात, तलाठी कुठं बसतेत? यालाच ऑडियन्स फीडबॅक म्हणतात. लोकांना जुन्या महसुली कारभारात रस आहे आणि आपण तलवारी दाखवत बसलोय.

२२ जुलै
लोकांची मागणी पूर्ण केली. कापडाच्या दुकानातला एक पुतळा मागून आणला, फेटा बांधला, मिशी रंगवली, चौरंगावर बसवला, पुढे जुनी दप्तरं. पाटी: निजामकालीन पटवारी.

त्याच्यापुढे रांग लागली. एक म्हातारे बराच वेळ हात जोडून उभे होते. मग हळूच शंभराची नोट दप्तराखाली सरकवली आणि म्हणाले, आजच्या आज झालं तर बरं व्हईल, सायेब. पुतळा काही बोलला नाही. म्हातारे चाँदभाईंना म्हणाले, कमी पडले वाटतं.

लोकसहभाग! नोट देणगी पेटीत टाकली.

चाँदभाईंचे जावई आतिफ यांनी व्हरांड्यात झेरॉक्स मशीन टाकलं. परवानगी मागायला आले तेव्हा मीच म्हणालो, टाका, संशोधक वाढलेत. ते चाँदभाईंकडे बघून हसले. मोठा हसतमुख माणूस.

शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर रांगेचा फोटो टाकला. शहादेवनं लिहिलं, मास्तर, हे लोक कशाला आलेत ते इचारलं का? शहादेव दहावीपासून माझ्यावर जळतो. ग्रुप सोडला. तासाभरानं परत आलो, कारण फोटोला अजून कोण काय म्हणतं ते बघायचं होतं.

२ ऑगस्ट
आकडे तपासले. प्रेक्षकांत बायका नाहीत. सगळे बाप्ये. कोर्सच्या भाषेत हा गॅप आहे. गॅप दिसला की भरायचा.

पत्रक लिहायला बसलो. एका बैठकीत झालं. इथं उतरवून ठेवतो, पुढे लागेल:

'लेकींनो! सासरी गेलात म्हणून माहेरच्या वारशाकडे पाठ फिरवू नका. तो जितका भावाचा, तितकाच तुमचा. कुणाची भीड धरू नका. हक्कानं या. — तुमचा भाऊ, रामेश्वर मास्तर, वारसा केंद्र, चौसाळा.'

वाचून माझेच डोळे भरून आले. शेवटी सही केली. सहीसकट छापलं. सौ.ला वाचून दाखवलं. ती पोळी उलटायची थांबली. म्हणाली, हे तुळजावन्संना देऊ नका. बायकांचं एकमेकींवर कसं प्रेम असतं ते बघा.

राखीपौर्णिमा
तेलगावला तुळजाकडे. धाकटी बहीण, एकुलती. राखी बांधली, पुरणपोळी.

खरं तर आज तिची हक्कसोडीवर सही घ्यायची होती. आमच्याकडे पद्धतच आहे. बहीण सही करते, भाऊ साडी नेसवतो, रान भावाच्या नावावर राहतं, दोन्हीकडे गोडी राहते. आप्पांचं पाच एकर रान हायवेला लागून आहे. साडी नेली होती, कागद घरीच विसरला. पत्रकांच्या गठ्ठ्यापायी. दिवाळीला घेऊ. तुळजा कुठं पळून चाललीय!

गठ्ठा मात्र तिच्याकडे दिला. म्हणालो, तेलगावात घरोघर वाट, आणि एक स्वतः वाच. म्हणाली, तू लिवलंय म्हनल्यावर वाचणारच की दादा.

३० ऑगस्ट
बायका!! एस.टी. भरून बायका. लेकराबाळांसकट. केंद्रापुढे शेंगदाणे, केळीवाले. हीना नावाची एक मुलगी आईला घेऊन आली होती. आत जाताना तिची आई म्हणाली, लिवणाऱ्याचं भलं होवो, आजवर असं कुणी बोललं न्हाई. पत्रकाला लोक दुवा देतायत. कोर्समधल्या कुठल्या मॅडमला दुवा मिळाली असेल?

काही गडी बाहेर उभे राहून रागानं बघत होते. भाऊ असावेत. बहिणींची प्रगती सगळ्यांना बघवत नाही.

१२ सप्टेंबर
तुळजा आली! स्वतः तिकीट काढून. मी नको म्हणत होतो, म्हणाली, फुकट काही नको मला.

मी स्वतः फिरवलं. तलवारींपुढे थांबली नाही. आईच्या जात्यापुढे थांबली. जातं मी दिलेलं आहे, पुढे कार्ड आहे: 'दगडी जातं. देणगी: श्री. रामेश्वर मास्तर.' ते कार्ड ती कितीतरी वेळ वाचत होती. अक्षराचा टाइप मी निवडला आहे. मग म्हणाली, दादा, ह्ये जातं आईसंगं मी वढलंय. तू झोपलेला असायचास. मी तिला समजावलं की याला मौखिक इतिहास म्हणतात, आणि पुन्हा बोलायला लावून मोबाईलवर घेतलं.

निघताना तिनं पिशवीतून माझं पत्रक काढलं. घड्या घालून घालून मऊ झालेलं. विचारलं, ह्यात लिवलंय ते खरं हाय का? म्हणालो, अक्षर न् अक्षर. म्हणाली, समद्या लेकींसाठी? म्हणालो, समद्या. म्हणाली, मनापासून लिवलंस? मी दुखावलोच. मनापासून न लिहिलेली माझी एक ओळ दाखव, म्हणालो. तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या पाया पडली.

मग आतिफच्या मशीनपाशी बराच वेळ होती. पत्रकाची झेरॉक्स काढून घेतली म्हणे. लोक थोरांचे फोटो घरात लावतात, माझी बहीण माझं पत्रक लावणार.

चाँदभाईंनी ट्रेनिंगप्रमाणे विचारलं, परत येणार ना? ती रडत होती.

८ ऑक्टोबर
आयुष्यातला मोठा दिवस. साक्षात राजनंदिनीताई! आण्णांच्या सख्ख्या भगिनी, अंबाजोगाईला असतात. पांढरी गाडी, बरोबर काळा कोट घातलेले एक गृहस्थ. आण्णांची आणि त्यांची कित्येक वर्षं बोलचाल नव्हती असं ऐकून होतो. माझ्या पत्रकानं माहेरी आणलं.

पटवाऱ्याच्या पुतळ्यापुढे शाल आणि नारळ दिला. कोटवाल्या गृहस्थांनी माझं पत्रक मागून घेतलं, दोनदा वाचलं, म्हणाले, फारच स्पष्ट भाषा आहे. कदर करणारा माणूस भेटला.

फोटो ताबडतोब आण्णांच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकला: 'आदरणीय राजनंदिनीताईंनी वारसा केंद्रात येऊन आपल्या हक्काविषयी जाणून घेतले. प्रेरणा : मा. अमरसिंहआण्णा.' एरवी शंभर अंगठे येतात. आज एकही नाही. नेटवर्क नसावं.

९ ऑक्टोबर
आण्णा आले. जूननंतर पहिल्यांदाच. मी गुलाबाचं फूल घेऊन पुढे झालो.

आण्णा थेट पुतळ्यापुढे गेले. रांगेतले लोक बाजूला झाले. आण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, कावून केलं बे हे? सगळ्यांदेखत. मला. 'बे'. ज्यांच्या मुलांना मी व्याकरण शिकवलं त्यांनी!

म्हणाले, माझ्या बहिणीनं नोटीस धाडली. शंभर एकरात वाटा मागायलीय. वर तुझं पत्रक जोडलंय, आणि तू तिला नारळ देतूस? मी म्हणालो, आण्णा, तो वारसा म्हणजे संस्कृतीचा. आण्णा म्हणाले, इथं कुणाला इचार, वारसा म्हंजी काय. मी रांगेकडे वळलो. कुणी माझ्याकडे बघेना. शेवटी एक म्हातारी म्हणाली, सातबाऱ्यावर नाव लावायला आलेत लेकरा समदे. तू तलाठी न्हाईस व्हय?

बंकटनंच पाटी उतरवली. स्वतः रंगवलेली.

१० ऑक्टोबर
चाँदभाईंना सरळ विचारलं. म्हणाले, साहेब, पूरे गाव को मालूम था. वारस नोंद करायची म्हनून लोकं येत व्हते. आतिफ अर्ज लिवून द्यायचा आन् तलाठ्याकडं धाडायचा. मी म्हणालो, मग मला सांगितलं का नाही? ते झाडू टेकवून उभे राहिले. म्हणाले, सांगनार व्हतो. पन तुमी लई खुशीत व्हता.

दगा! चार महिने! चाँदभाई, आतिफ, बंकट, शहादेव, रांगेतला एकेक माणूस. मी हसून स्वागत करत होतो आणि अख्खा तालुका मला हसत होता. एकानंही कानात सांगितलं नाही. (बंकटनं आणि शहादेवनं सांगितलं, पण ते बरोबर पद्धतीनं सांगितलं नाही.)

१४ ऑक्टोबर
आण्णांचा फोन. त्यांनी केला नाही, त्यांच्या ड्रायव्हरनं केला. दिवाळीपासून हॉल ट्रॅक्टरवाल्यांना. म्हणालो, पण गर्दी दाखवायची अट मी पुरी केली. ड्रायव्हर म्हणाला, गर्दी झाली म्हनूनच.

१७ ऑक्टोबर
घरी नोटीस.

तलाठ्याची. आप्पांच्या पाच एकराला वारस नोंदीचा अर्ज आला आहे, हरकत असल्यास कळवा. वारस: रामेश्वर, तुळजाबाई. अर्जदार: तुळजाबाई.

दोनदा वाचली. तिसऱ्यांदा सौ.नं हातातून घेतली. वाटलं, ही तरी चिडेल. म्हणाली, तीन वर्षं सांगत होते नोंद करून घ्या. करणारीनं केली.

आण्णा परके. चाँदभाई परके. पण तुळजा! जिला मी पाठीवर घेऊन ओढा पार केला. राखी बांधते, पुरण वाढते, डोळे पुसते, आणि व्हरांड्यात जाऊन अर्ज लिहिते. माझ्याच केंद्रात. तिकीट काढून.

हरकत घेणारच. उद्याच.

१८ ऑक्टोबर
तलाठी कार्यालय. खरा तलाठी. तरुण आहे, फेटा नाही.

म्हणालो, अर्जाला हरकत आहे. त्यानं तुळजाचा अर्ज काढला. मागे झेरॉक्स जोडलेली. माझं पत्रक. 'तो जितका भावाचा, तितकाच तुमचा.' खाली माझी सही. तलाठी म्हणाला, मास्तर, हरकत घ्यायचा तुमचा अधिकार हाय. फकस्त एवढं लिहून द्या, की हे मी लिवलेलं न्हाई, किंवा मनापासून लिवलेलं न्हाई.

पेन उघडून बसलो. पुन्हा एकदा पत्रक वाचलं. काय उतरलंय! एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही. तीस वर्षांत असं दुसरं काही माझ्या हातून झालं नाही, आणि या जिल्ह्यात शेवटच्या ओळीपर्यंत वाचून त्याप्रमाणे वागलेलं तर कुणाचंच काही नसेल.

हे माझं नाही असं मी लिहून देऊ शकलो नाही. पेन मिटलं. तलाठी म्हणाला, भाषा मात्र लई भारी हाय. मी थँक्यू म्हणालो आणि घरी आलो. येताना लक्षात आलं की अडीच एकर गेलं.

भाऊबीज
तुळजा घरी येणार म्हणून सकाळीच केंद्रावर येऊन बसलो. हॉल रिकामा. तलवारी आण्णांकडे गेल्या, काहील कुठं गेली कुणाला माहीत नाही. ट्रॅक्टरवाल्यांची माणसं भिंती मोजत होती. कोपऱ्यात पटवारी आणि जातं, एवढंच राहिलं.

ती इथंच आली. पदराखाली ताट झाकून. चाँदभाई म्हणाले, ताई, आता बंद झालंय. ती म्हणाली, तिकीट द्या. त्यांनी दिलं.

पाट नव्हता. पटवाऱ्याला खाली उतरवून त्याच्या चौरंगावर बसलो. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं. मी बोलणार नव्हतो. बोललो. म्हणालो, दगा दिलास. ती म्हणाली, म्या कुटं दिला? तूच बोलवलंस. आप्पा गेले तवा वाट बघितली, दादा इचारल. राखीला बघितली. मग तुझं पत्रक वाचलं आन् वाटलं, तोंडानं बोलायची लाज वाटत आसल म्हनून दादानं छापून धाडलं.

ओवाळणीत टाकायला साडी आणली नव्हती. खिशात हक्कसोडीचा कागद होता, राखीपासून राहिलेला. तो नाही टाकला. जात्यापुढचं कार्ड मागितलं तिनं. दिलं. पेनही मागितलं. माझ्या नावापुढं 'व तुळजाबाई' लिहिलं, आणि कार्ड जात्यावर परत ठेवलं. टाइपाशी मुळीच जुळत नाही.

गेटपाशी चाँदभाईंनी सवयीनं विचारलं, परत येणार ना, ताई?

ती माझ्याकडे बघून म्हणाली, येते की. पुढल्या आठवड्यात. हरभऱ्याच्या पेरणीला.